मंडपावर चढणारा माणूस



पौष महिना लागला, की सोलापूरकरांना गड्ड्याचे वेध लागतात. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, मानाचे सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमविधी आणि मग शोभेचं दारूकाम, हा क्रम इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. होम मैदानावर पाळणे फिरू लागतात, खेळण्यांची आणि भांड्यांची दुकानं लागतात, कर्णे गाऊ लागतात. अक्कलकोटपासून बार्शीपर्यंतची माणसं लेकरं खांद्यावर घेऊन येतात.

या सगळ्याच्या आधी कितीतरी दिवस त्या मैदानावर दुसरीच माणसं वावरत असतात. ती खड्डे घेतात, वासे उभे करतात, लोखंडी नळ्यांचे सांगाडे जोडतात, वर चढून कापड ताणतात, दिव्यांच्या माळा सोडतात, पाळण्याचे बोल्ट आवळतात. यात्रा सुरू झाली, की ही माणसं कुठंतरी ट्रकाच्या सावलीत झोपलेली असतात, आणि यात्रा संपली की पुन्हा उठून सगळं उतरवायला लागतात. आपण मंडपात बसतो, कार्यक्रम पाहतो, टाळ्या वाजवतो. मान वर करून छताकडं पाहिलंच तर झालरीचा रंग पाहतो. ती झालर बांधायला कोण चढलं होतं आणि त्याच्या डोक्यावर, हातात, कमरेला काय होतं, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज त्याच माणसाविषयी बोलायचं आहे.

सोलापूरचा गड्डा मोठा. पण असं काम गावोगाव चालतं. चैत्र-वैशाखात गावच्या जत्रा सुरू होतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावचे पंच सुपारी द्यायला तिथं जातात, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्या फडाचं वेळापत्रक कधी नीट पाहिलंत का? दुपारी ट्रक गावात येतो. संध्याकाळपर्यंत कनाती उभ्या राहतात, रंगमंच जोडला जातो, दिवे आणि कर्णे चढतात. रात्री खेळ होतो. पहाटे तेच सगळं उतरवून ट्रकात भरायचं आणि उजाडताना पुढच्या गावाची वाट धरायची. सबंध हंगामभर हे असंच. त्यात आता डीजेच्या भिंती आल्या, लोखंडी ट्रस आले, मोठाले पडदे आले. ओझी वाढली, उंची वाढली, विजेचा भार वाढला. वर चढणाऱ्या गड्याचा पोशाख मात्र बदलला नाही: बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायांत काही नाही, डोक्याला गमछा.

विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. “काय होत न्हाय साहेब, सवय हाय. त्या टोपीनं नुसता घाम येतो.” या उत्तराला हसू नये. सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिसाच्या वर असताना डोक्यावर टणक टोपी घालून लोखंडावर चढणं काय असतं, हे पंख्याखाली बसून कळायचं नाही. अनवाणी पायाला बांबूची पकड चांगली मिळते, हे त्यांचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. ओलसर बांबूवर जाड तळव्याचा बूट घसरतो. तेव्हा हा माणूस अडाणी आहे म्हणून टोपी घालत नाही, असं समजण्याचं कारण नाही. त्याला मजुरी दिवसावर किंवा कामावर मिळते, संध्याकाळी सातला नारळ फुटायचा असतो, आणि टोपी त्याला कोणी दिलेलीच नसते. हे शेवटचं कारण सर्वांत मोठं, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं.

कसबी माणूस साधनाशिवाय काम करतो, ही समजूत मुळात कुठून आली कोण जाणे. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली, ती भारतीय माणसानं काढलेली पहिली सर्कस. तेव्हापासून आपण झुल्यावरचे खेळ पाहत आलो. उंच झुल्यावरून झेप घेणारा खेळाडू वर्षानुवर्षं सराव केलेला असतो, तरी त्याच्याखाली जाळं असतं. जाळं लावलं म्हणून आजवर कोणी त्याला भित्रा म्हटलेलं नाही. मग तंबूचा दोर बांधायला तेवढ्याच उंचीवर चढणाऱ्या गड्यानं पट्टा मागितला, तर त्याला “घाबरतोस काय रे” म्हणून का हिणवायचं?

दुसरं उदाहरण दूरच्या अमेरिकेतलं. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ समुद्राच्या मुखावर गोल्डन गेट नावाचा पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला. त्या काळी अशा बांधकामात माणसं मरायचीच, असा हिशेबच धरलेला असे. मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस यांनी डोक्याला टणक टोपी सक्तीची केली आणि वर धाडसाचे चाळे करणाऱ्याला कामावरून काढण्याची ताकीद दिली. पुलाखाली सबंध लांबीभर जाळं लावलं. त्या जाळ्यानं १९ माणसांचे प्राण वाचवले. पण पुढचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची निसटून त्या जाळ्यावर कोसळली, जाळं फाटलं आणि एकाच दिवशी १० माणसं गेली. साधन चांगलं होतं. त्याच्यावर जे कोसळलं, ते पेलायला ते बनवलेलंच नव्हतं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. संरक्षक साधनं म्हणजे गंडेदोरे नव्हेत, की अंगावर बांधले म्हणजे सगळी विघ्नं टळली. कोणतं साधन काय पेलतं आणि काय पेलत नाही, हे ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग. कॅनडातल्या टोरांटो शहरी १६ जून २०१२ रोजी एका मोठ्या गायनाच्या कार्यक्रमाआधी काही तास रंगमंचाचं छतच खाली आलं. वाद्यांची व्यवस्था पाहणारा एक कामगार त्यात गेला, तिघे जखमी झाले. अशा वेळी डोक्यावरची टोपी काय करणार? तिथं सांगाड्याचा हिशेबच बरोबर हवा होता. म्हणून आधी काम निर्धोक करायचं आणि त्यानंतरही जो धोका उरेल, त्याच्यासाठी साधनं घालायची, असा क्रम आहे. आपल्याकडं दोन्हींतलं एकही होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता एकेक साधन पाहू.

पहिली टोपी, म्हणजे हेल्मेट. अर्धा किलोचा पान्हा वीस फुटांवरून निसटला, तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी जवळजवळ चाळीस किलोमीटर होतो. खाली दोर धरून उभा असलेला पोरगा वर पाहत असतो. म्हणून टोपी वर चढणाऱ्यापेक्षाही खाली उभ्या असलेल्याला आधी हवी. ही टोपी मोटारसायकलची चालत नाही. तिनं कान झाकतात, वरचं दिसत नाही, आणि उन्हात जीव घुसमटतो. कामाची टोपी हलकी असते, आणि तिच्या आत पट्ट्यांची एक जाळी असते. टोपीची खरी करामत त्या जाळीतच आहे. डोकं आणि टोपीचं कवच यांच्यामध्ये ती दीड-दोन बोटं पोकळी ठेवते, आणि आघात त्या पोकळीत जिरतो. आपली माणसं त्याच पोकळीत तंबाखूची पुडी, पैसे, कधी घडी केलेला रुमाल कोंबतात. मग पोकळी राहत नाही आणि मार सरळ डोक्याला बसतो. हनुवटीखालचा पट्टाही बांधलाच पाहिजे, कारण वर मान करून काम करताना न बांधलेली टोपी आधी खाली पडते आणि माणूस नंतर. घेताना आयएसआयचं चिन्ह पाहावं. उन्हानं तिचा रंग उडून पांढुरकी भुकटी निघू लागली, किंवा एकदा जबर मार बसला, तर ती टोपी बाद समजावी. भेग बाहेरून दिसेलच असं नाही.

दुसरा सेफ्टी बेल्ट. याविषयी फार गैरसमज आहेत. वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर असतो. “काहीतरी धरीन” म्हणायला वेळ मिळत नाही. म्हणून पट्टा हवा. मात्र नुसता कमरेचा पट्टा नको. पडताना सगळा हिसका पोटाला आणि कण्याला बसतो, आणि माणूस वाचला तरी मोडून पडतो. खांदे, छाती आणि मांड्या यांना वेढणारा पूर्ण पट्टा घ्यायचा आणि त्याचा दोर पाठीमागच्या कडीला लावायचा.

दोर कुठं अडकवता, यावर सगळं अवलंबून आहे. सुतळीनं बांधलेल्या बांबूला हुक अडकवला, तर बांबूसकट माणूस खाली येईल. हुक नेहमी डोक्याच्या वर, ज्यानं माणसाचा हिसका सोसावा अशा पक्क्या जागी हवा. आणि इथं एक हिशेब आहे, तो फळ्यावर मांडण्यासारखा आहे. दोराची लांबी सहा फूट. हिसका सोसण्यासाठी त्याला जोडलेली घडी उलगडते, ती साडेतीन-चार फूट. कडीपासून पायांपर्यंत माणसाचं शरीर पाच फूट. वर थोडी सवड तीन फूट. बेरीज जवळजवळ अठरा फूट झाली. म्हणजे असा लांब दोर लावून कोणी पायाशी हुक अडकवून बारा फुटांच्या मंडपावर चढला, तर दोर ताणला जायच्या आधीच जमीन येते! बारा फुटांच्या मंडपाला आखूड दोर आणि डोक्यावरचा आधार हवा. त्याहून बरं म्हणजे, भक्कम घोडा किंवा कठडा असलेली परांची वापरून माणसाला लोंबकळत काम करायलाच लावू नये.

आणखी एक. पट्ट्यानं पडणं थांबलं म्हणजे संकट सरलं, असं नाही. पट्ट्यात निश्चल लोंबणाऱ्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला खाली कसं उतरवायचं, शिडी कुठं आहे, कोण चढणार, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं.

तिसरी वीज. इथं मी साधनांचं कौतुक करणार नाही. अकरा हजार व्होल्टांच्या तारेपुढं बाजारातला साधा रबरी हातमोजा म्हणजे कागद. तमिळनाडूत तंजावरजवळ २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे देवाच्या रथाचा वरचा भाग उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ माणसं दगावली. आपल्याकडं गावात शिरणारी तार जत्रेच्या मैदानावरूनच जाते, असं किती ठिकाणी आहे ते तुम्हीच आठवून पाहा. लोखंडी नळी आडवी असते तोवर निरुपद्रवी वाटते. ती उभी करायला चौघांनी उचलली, की तिचं टोक कुठं पोहोचलं हे खालच्याला कळत नाही. शाळांतल्या ध्वजस्तंभाचंही तसंच. तारेखाली मंडप घालायचा नाही, आणि तारेच्या आसपास नळी उभी करायची असेल तर महावितरणला आधी सांगून, पुरवठा बंद झाल्याची खात्री करून मगच.

मंडपातल्या घरगुती दाबाच्या विजेसाठी मात्र चार गोष्टी हाती आहेत. मुख्य फळीवर गळती ओळखून वीज तोडणारं तीस मिलिअँपिअरचं यंत्र बसवावं. वायरमनला सांगितलं तर तो जाणतो. जनित्राला अर्थिंग हवं. जोड चिकटपट्टीनं गुंडाळून ओल्या मातीत टाकलेला नसावा. आणि वायरमननं विजेच्या कामाचे, प्रमाणित रबराचेच मोजे घालावेत. ते घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडावी आणि कुठून सुस् आवाज येतो का पाहावं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तो मोजा टाकून द्यावा.

चौथी गोष्ट कानांची. सोलापुरात हे समजावून सांगायला नको. यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाशी बोलताना आपण आपोआप आवाज चढवतो. मागाच्या खडखडाटात ती माणसं खुणांनी बोलायला शिकली, आणि घरी आल्यावर बायको हाक मारते ती त्यांना ऐकू येईनाशी झाली. आता तेच कर्ण्यापाशी बसणाऱ्या पोरांचं होतंय. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, इथपर्यंत कान कसाबसा तग धरतो, असं जाणकार मानतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीपुढं उभा असलेला गडी तर मिरवणूक संपेपर्यंत तिथंच असतो. कापसाच्या बोळ्यानं फारसं काही साधत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. ते बोटांनी दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा आणि आत बसवून फुगू द्यायचे. रात्री निजताना कानांत शिट्टी वाजत असली, तर कानाला इजा झाली हे ओळखावं. एकदा गेलेली श्रवणशक्ती औषधानं परत येत नाही.

पायांचं थोडक्यात सांगतो. बांबूवर अनवाणी चढणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण जमिनीवर ट्रस वाहणाऱ्या, खिळ्यांच्या फळ्या उचलणाऱ्या माणसाच्या पायांत पुढं लोखंडी टोपण असलेला बूट हवा, आणि धनुर्वाताची सुई त्यानं टोचून घेतलेली असावी.

आता वाऱ्याविषयी. जत्रेच्या दिवसांत वळीव कसा येतो, ते शेतकऱ्याला मी काय सांगावं? ईशान्येला काळं दिसतं, धूळ उठते, आणि पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं. मंडपाचं कापड म्हणजे जहाजाचं शीडच. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी अशाच वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. वारा सुटला की आपल्याकडं पहिली हाक कोणती येते? “अरे, वर चढा, दोर आवळा!” हे उलटं आहे. वारा सुटला की वरच्यानं खाली यायचं. कनात खालूनच सोडता यावी अशी गाठ आधी मारून ठेवायची, आणि माणसं मंडपाबाहेर काढायची. फाटलेलं कापड शिवता येतं.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, हे सगळं मंडपवाल्यानं बघावं, आम्ही पैसे मोजतो. मला हे पटत नाही. ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०’ हा केंद्राचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. सुरक्षेच्या सोयीसाठी कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे तत्त्व त्यात आहे. पण त्याचा मुख्य भार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांवर आहे. गावोगावचा मंडपवाला पाच-सहा पोरं घेऊन फिरतो. त्याच्यापर्यंत कायद्याचा हात सहजासहजी पोहोचत नाही. तिथं हात पोहोचतो तो सुपारी देणाऱ्याचा, म्हणजे यात्रा समितीचा, मंडळाचा, शाळेचा. दर ठरवताना आपण झालरीच्या रंगावर अर्धा तास बोलतो, खुर्च्या किती, कमान कशी हे लिहून घेतो. त्याच कागदावर एक ओळ वाढवावी: वर चढणाऱ्या प्रत्येकाला आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला टोपी, उंचीवर काम करणाऱ्याला पूर्ण पट्टा, गळती तोडणारं यंत्र, आणि हे नसेल तर काम सुरू होणार नाही. एक टोपी काही शे रुपयांत येते. मंडपवाला दर थोडा वाढवून मागेल. तो द्यावा. कमी दरासाठी घासाघीस करून आपणच त्याला टोप्या ट्रकातून काढायला लावतो, हेही लक्षात घ्यावं.

दहीहंडीच्या बाबतीत आपण हे होताना पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली थरांच्या उंचीवर आणि मुलांच्या सहभागावर बंधनं घातली. पुढं त्यांत फेरफार झाले, वाद झाले. पण वरच्या थरावरच्या गोविंदाच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागलं, आणि त्यानं सणाची मजा गेली नाही. त्याच चौकात हंडीचा दोर बांधायला चढणारा गडी मात्र अजून उघड्या डोक्यानंच चढताना दिसतो. लोक हंडी फोडणाऱ्याला पाहतात, दोर बांधणाऱ्याला कोण पाहतो?

शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या चपळ मुलाला आपण कौतुकानं म्हणतो, “बाळ्या, चढ बरं वर आणि ती पताका बांध.” बाळ्या बाकावर स्टूल ठेवून चढतो. उद्या शाळा सोडल्यावर मंडपाच्या कामाला लागणारा पोरगा बहुधा हाच असतो. चढायचं असं, हे तो तुमच्यासमोरच शिकतो. पताका दोन बाजूंना दोर टाकून खालून ओढून लावता येतात. आणि आठवी-नववीच्या मुलांना पतनाचा वेग शिकवताना पुस्तकातला दगड आणि मनोरा बाजूला ठेवून वीस फुटांच्या मंडपावरून निसटलेला पान्हा घ्या. उत्तर आलं की एका मुलाला विचारा, तुझे काका कुठं काम करतात. सोलापूर जिल्ह्यात निम्म्या वर्गांत कोणाचा तरी काका मंडपावर, लाइटवर नाहीतर बँडच्या गाडीवर असतोच.

आता राहिली उतरवण्याची वेळ. बांधताना सगळा गाव भोवती असतो, समितीचे लोक चहा पाजतात, देखरेख असते. पहाटे तीनला खेळ संपतो, लोक पांगतात, समिती झोपायला जाते, आणि वीजबिल वाचवायला कोणीतरी मुख्य दिवे घालवून टाकतो. दिवसभर राबलेली, रात्रभर जागलेली पोरं त्या अंधारात मोबाइलच्या उजेडावर बोल्ट सोडू लागतात. सकाळी दहाला पुढच्या गावी पोहोचायचं असतं. टोप्या आधीच ट्रकात खाली गेलेल्या असतात, त्यांच्यावर कनातींचे गठ्ठे. म्हणून समितीतल्या दोघांनी त्या रात्री जागं राहावं. टोप्या आणि पट्टे सर्वांत शेवटी ट्रकात चढतील असं पाहावं, पोरांना तास-दोन तास पाठ टेकू द्यावी, उजाडल्यावर उतरवायला सुरुवात करावी. तेवढ्या उशिराचे, जळत्या दिव्यांचे आणि दोन वेळच्या चहाचे पैसे जत्रेच्या खर्चात आधीच धरून ठेवावेत. वर्गणीच्या वहीत त्यासाठी एक रकाना पुरतो.